छोटी हार्ले घ्यावी का? हैदराबादच्या रायडरांची दोन मतं आणि आपला हिशोब

हैदराबाद : रविवारी पहाटे संगारेड्डीकडून शहरात शिरायला लागलं की समोरून मोटारसायकलींचे घोळके यायला लागतात. अंगात जॅकेट, गुडघ्याला पॅड, हेल्मेटवर कॅमेरा. पाच-सहा वर्षांपूर्वी यात बुलेट आणि केटीएम जास्त दिसायच्या. आता मध्येच एखादी हार्ले दिसते, एखादी ट्रायम्फ दिसते, आणि नंबर प्लेट बघावी तर टीजीच्या जोडीला एमएच-२६ आणि केए-३८ सुद्धा. म्हणजे आपलेच नांदेड-देगलूरचे नाहीतर बिदरचे पोरं, हैदराबादला नोकरीला असलेले.

यातल्या बऱ्याच हार्ले म्हणजे ती पूर्वीची दहा-पंधरा लाखांची अवजड गाडी नव्हे. ४४० सीसीची, अडीच लाखांच्या आसपासची छोटी हार्ले. हिच्यावरून रायडरांत सरळ दोन गट पडलेत. एक म्हणतो, स्वप्न हाताशी आलं. दुसरा म्हणतो, टाकीवर नाव लिहिलं म्हणून गाडी हार्ले होत नाही.

हा विषय माझ्याही घरात शिरलाय. कंपनीत नोकरीला लागलेल्या भाच्याने मला कौल लावला, "मामा, तू कॉमर्सवाला आहेस, सांग. घेऊ का नको?" त्याला उत्तर द्यायचं म्हणून जी माहिती गोळा केली, ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून इथे एका जागी देतोय.

थोडक्यात

• हार्ले-डेव्हिडसन ही १९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुरू झालेली कंपनी.
• भारतात कंपनीची घोषणा २००९ मध्ये, शोरूम २०१० पासून.
• पहिली छोटी भारतीय हार्ले स्ट्रीट ७५०, फेब्रुवारी २०१४, किंमत ४ लाख १० हजार रुपये.
• सप्टेंबर २०२० मध्ये भारतातलं उत्पादन आणि स्वतःची विक्री बंद केल्याची घोषणा. ऑक्टोबर २०२० मध्ये हिरो मोटोकॉर्पशी करार.
• एक्स ४४० बाजारात जुलै २०२३. सुरुवातीची किंमत २ लाख २९ हजार ते २ लाख ६९ हजार.
• २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी, त्यावरच्या गाडीला ४० टक्के.

(वरच्या सगळ्या किमती शोरूमच्या आणि त्या त्या वेळच्या आहेत. आजचा भाव शोरूममध्येच विचारावा.)

आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल

हार्ले भारतात आली त्याची सुरुवात आंब्यापासून झाली, हे अनेकांना गंमत वाटेल पण खरं आहे. भारताचा आंबा अमेरिकेत कित्येक वर्षं जात नव्हता, आणि हार्लेसारख्या मोठ्या गाड्यांना इथल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे अडचण होती. २००७ मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांना वाट करून दिली. आपला आंबा तिकडे गेला आणि ८०० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना इकडे दार उघडलं. आयात कर मात्र भरमसाट होता, त्यामुळे गाडीची किंमत तिकडच्या जवळपास दुप्पट व्हायची.

२०१० मध्ये शोरूम उघडायला लागल्या तेव्हा पहिल्या पाच शहरांत दिल्ली, मुंबई, बंगळूर, चंदीगडच्या बरोबर हैदराबाद होतं. इथल्या शोरूमचं नाव बंजारा हार्ले-डेव्हिडसन. प्रत्येक शहरात गावाची ओळख सांगणारं नाव द्यायची कंपनीची पद्धत होती, त्यात हैदराबादच्या वाट्याला बंजारा आलं. आयटीतला पैसा, जमिनीतला पैसा आणि गाडीची हौस हे तिन्ही या शहरात होतं, त्यामुळे इथे गिऱ्हाईक तयारच होतं.

पुढे २०११ मध्ये हरियाणातल्या बावल इथे सुटे भाग आणून गाडी जोडायचं काम सुरू झालं. जोडून विकलेल्या गाडीला कर कमी, त्यामुळे काही मॉडेल स्वस्त झाली. तरी ती सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नव्हतीच.

स्ट्रीट ७५० : पहिली छोटी हार्ले

नोव्हेंबर २०१३ मध्ये इटलीतल्या मिलानच्या प्रदर्शनात कंपनीने स्ट्रीट ५०० आणि स्ट्रीट ७५० या दोन गाड्या दाखवल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ७५० ची किंमत जाहीर झाली, ४ लाख १० हजार. तेव्हाची देशातली सगळ्यात स्वस्त हार्ले. स्ट्रीट ५०० बावलमध्येच बनायची, पण ती बाहेरच्या देशांसाठी. अमेरिकेत तर नवख्यांना गाडी शिकवायच्या वर्गांत ती वापरली जायची.

गाडीचं इंजिन दोन सिलिंडरचं, पण पाण्याने थंड होणारं. हार्लेचा शौकीन हवेवर थंड होणाऱ्या, धडधडणाऱ्या इंजिनाला सरावलेला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून कुरकुर सुरू झाली. वायरी बाहेर दिसतात, फिनिशिंग कमी पडतं, पुढचा ब्रेक लागत नाही, ट्रॅफिकमध्ये मांडीला चटका बसतो. या तक्रारी देशभर होत्या, हैदराबादपुरत्या नव्हत्या. कंपनीने काही ऐकल्या, २०१६ च्या गाडीत ब्रेक सुधारले. २०१७ मध्ये स्ट्रीट रॉड नावाची सुधारित गाडी आणली, पण तिची किंमत ५ लाख ८६ हजारांवर गेली.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्याला हार्लेच्या नावाची आस होती आणि खिशात दहा लाख नव्हते, त्याला स्ट्रीटने दार उघडून दिलं. सव्वादोनशे किलोच्या वरची गाडी असूनही सीट बसकं, त्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय टेकायचे. चेनच्या जागी बेल्ट, म्हणून तेल लावायची कटकट नाही. अनेकांनी ती मनापासून चालवली आणि अजून चालवतात.

२०२० चा धक्का

सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत बातमी आली, हार्ले भारतातून निघाली. बावलचा कारखाना बंद. आधीच्या आर्थिक वर्षात देशभरात अडीच हजारांपेक्षाही कमी गाड्या विकल्या गेल्या होत्या. कंपनीचे इथले सुमारे ७० कर्मचारी कमी झाले, पण खरी झळ डीलरांना बसली. त्यांनी करोडो रुपये घालून शोरूम उभ्या केल्या होत्या, तेव्हा भरपाईची मागणी झाली.

ज्यांच्या दारात गाडी उभी होती त्यांच्यापुढे साधा प्रश्न होता, आता सर्व्हिसिंग कोण करणार? पार्ट कुठून येणार? विकायला काढली तर कोण घेणार? महिनाभरात, २७ ऑक्टोबर २०२० ला, हिरोशी करार झाल्याची घोषणा झाली. मोठ्या हार्लेची विक्री, पार्ट आणि सर्व्हिसिंग हिरोने बघायचं, आणि हार्लेच्या नावाने एक नवी गाडी हिरोने तयार करायची, असं ठरलं. मालकांचा जीव भांड्यात पडला. पण स्ट्रीट मालिका पुढे बंदच झाली आणि बंद पडलेल्या मॉडेलला जुन्या बाजारात जो भाव येतो तोच तिला येऊ लागला.

माझ्या मते आजच्या नाराजीचं मूळ इथेच आहे. एक्स ४४० ला नाकं मुरडणाऱ्यांत कित्येक जण २०२० मध्ये पोळलेले आहेत.

एक्स ४४० : आहे तरी काय?

३ जुलै २०२३ ला ही गाडी आली. राजस्थानात नीमराणा इथे हिरोच्या कारखान्यात बनते. इंजिन ४४० सीसी, एकच सिलिंडर, हवा आणि ऑइलवर थंड होणारं. ताकद २७ अश्वशक्ती, टॉर्क ३८ न्यूटन मीटर आणि तोही चार हजार आरपीएमलाच मिळतो. सहा गिअर, टाकी साडेतेरा लिटरची, वजन सुमारे १९० किलो. बेल्ट नाही, साधी चेन.

पहिल्या महिनाभरात २५ हजारांच्या वर बुकिंग झालं. तेवढ्यात कंपनीने किंमत साडेदहा हजारांनी वाढवली. हार्ले भारतातून निघाली त्याआधीच्या वर्षभराच्या विक्रीच्या दहापट मागणी एका महिन्यात, हा आकडाच सांगतो की स्वस्त हार्लेची भूक किती होती.

पसंत करणाऱ्यांचं म्हणणं

हैदराबादेत ज्यांनी घेतली, त्यांच्याशी बोलताना तीन-चार गोष्टी पुन्हापुन्हा ऐकायला मिळतात.

पहिली, खालच्या आरपीएमला ओढ चांगली. अमीरपेट किंवा पंजागुट्ट्याच्या गर्दीत सारखा गिअर बदलावा लागत नाही. डबलसीट असताना फ्लायओव्हर चढताना गाडी दमत नाही.

दुसरी, उष्णता. हैदराबादचा मे महिना चाळिशी पार करतो. स्ट्रीटवर सिग्नलला उभं राहणं म्हणजे शिक्षा होती. छोट्या इंजिनात तो त्रास बराच कमी.

तिसरी, खर्च. ऑइल, टायर, ब्रेकपॅड यांचा खर्च मोठ्या हार्लेच्या मानाने काहीच नाही. पेट्रोलचा अ‍ॅव्हरेजही नोकरदाराला परवडेल असा.

आणि चौथी कोणी पटकन कबूल करत नाही, ती म्हणजे नाव. गावी जत्रेला गाडी नेली की चार माणसं विचारतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, हौसेला मोल नसतं.

नापसंत करणाऱ्यांचं म्हणणं

जुन्या मालकांचा पहिला मुद्दा आवाजाचा. हार्ले म्हणजे ४५ अंशातले दोन सिलिंडर, आणि त्यातून येणारा तो अडखळता ठेका. एका सिलिंडरमधून तो येणारच नाही. त्यांच्या लेखी ही हिरोची चांगली गाडी आहे, हार्ले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिरोने याच इंजिनावर स्वतःची मॅव्हरिक ४४० ही गाडी १ लाख ९९ हजारांत आणली, तेव्हा तर त्यांना आयतंच कोलीत मिळालं. एकच इंजिन, मग वरचे पैसे नावाचे का?

दुसरा मुद्दा ग्रुपचा. मोठ्या हार्लेवाल्यांच्या राइडला छोटी गाडी घ्यायची का नाही, यावर आडून-आडून चर्चा होते. काही जण आनंदाने घेतात. काहींचं म्हणणं, हायवेला वेग जुळत नाही. १२० ला धावणाऱ्या दोन सिलिंडरच्या गाडीमागे एक सिलिंडरवाला दमतो, हे खरंच आहे. पण वेग जुळत नाही आणि माणूस जुळत नाही यात फरक आहे, तो मात्र सगळेच करतात असं नाही.

तिसरा मुद्दा सर्व्हिसिंगचा. हिरोचं दुकान तालुक्या-तालुक्यात आहे, पण हिरोच्या प्रत्येक दुकानात ही गाडी हाताळतात असं नाही. स्प्लेंडर डोळे मिटून खोलणाऱ्या फिटरकडे हिची तपासणी करायचं यंत्र असेलच असंही नाही. देगलूर, बिलोली, भैंसा, औराद इथल्या माणसाला हा मुद्दा हैदराबादच्या माणसापेक्षा जास्त लागू आहे.

छोटी गाडी हार्लेला नवी नाही

"हार्लेने आधी कधी असली फुटकळ गाडी काढली नव्हती" असं छातीठोक सांगणारे भेटतात. इतिहास वेगळं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या १२५ सीसी गाडीचा आराखडा युद्धाची भरपाई म्हणून विजेत्या देशांकडे गेला. त्यावरून इंग्लंडात बीएसए बँटम झाली, रशियात मॉस्क्वा झाली आणि अमेरिकेत १९४८ ची १२५ सीसी हार्ले झाली. १९६० मध्ये कंपनीने टॉपर नावाची चक्क स्कूटर काढली. त्याच वर्षी इटलीच्या एअरमाकी कंपनीत निम्मा वाटा घेऊन तिथून २५० सीसीची स्प्रिंट अमेरिकेत आणली. जपानच्या होंडाशी टक्कर द्यायची होती. तेव्हाही अमेरिकेतले जुने डीलर आणि रायडर असल्या गाड्यांना आपलं मानत नव्हते. १९७८ मध्ये तो इटलीचा कारखाना विकला गेला.

पुढे हार्लेच्याच मालकीच्या ब्यूएलने ४९२ सीसी, एका सिलिंडरची ब्लास्ट काढली. नवशिक्यांना शिकायला ती चांगली होती, पण २००९ मध्ये ब्यूएलने जाहिरातीत तीच गाडी चेपून तिचा चौकोनी ठोकळा केलेला दाखवला. स्वतःच्याच गाडीची अशी थट्टा! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्लेने ब्यूएलच बंद केली.

म्हणजे छोटी गाडी काढायची, जुन्यांनी नाक मुरडायचं, मग कंपनीने मध्येच हात काढून घ्यायचा, असं याआधी झालेलं आहे. गिऱ्हाइकाने भ्यायचं कारण नाही, पण हे माहीत असलेलं बरं. या वेळी फरक इतकाच की कारखाना आणि विक्री हिरोच्या हातात आहे, आणि हिरो कुठे जाणारी कंपनी नाही.

ट्रायम्फ आणि बुलेटचीही तीच गोष्ट

एक्स ४४० नंतर दोनच दिवसांनी, ५ जुलै २०२३ ला, ट्रायम्फ स्पीड ४०० ची किंमत जाहीर झाली, २ लाख ३३ हजार. पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना आणखी दहा हजार कमी. ट्रायम्फ ही १९०२ पासून मोटारसायकल बनवणारी इंग्लंडची कंपनी. पण ही गाडी बनते आपल्या पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. इंजिन ३९८ सीसी, पाण्याने थंड होणारं, ताकद ४० पीएस. तिच्यावरही "ही तर बजाज" असा शेरा बसलाच, पण फिनिशिंग आणि पिकअप बघून तो लवकर ओसरला. ट्रायम्फ आधीही वेगवेगळी इंजिनं वापरायची, त्यामुळे एकाच आवाजात तिची ओळख अडकलेली नव्हती. हार्लेचं तसं नाही.

रॉयल एनफिल्डने ऑगस्ट २०२२ मध्ये हंटर ३५० आणली, सुरुवातीची किंमत १ लाख ४९ हजार ९००. इंजिन क्लासिकचंच, ३४९ सीसी, पण गाडी आखूड आणि १८१ किलोची. क्लासिक भरते १९५ किलो. जुने बुलेटवाले म्हणाले, ही बुलेट नाही. कॉलेजची पोरं आणि कितीतरी मुली म्हणाल्या, म्हणूनच तर घेतोय. मागचे शॉकअप फार कडक आहेत ही तक्रार मात्र सगळ्यांची होती, ती कंपनीने २०२५ च्या गाडीत सुधारली.

आणि बुलेटच्या कंपनीनेही यापूर्वी छोट्या गाड्या काढल्या होत्या बरं का. ऐंशीच्या दशकातली एक्सप्लोरर, सिल्व्हर प्लस, मोफा, आणि जर्मनीच्या झुंडॅपच्या आराखड्यावरची फ्युरी. आज पन्नाशी-साठीत असलेल्या वाचकांपैकी कुणाच्या तरी वडिलांकडे सिल्व्हर प्लस नक्की असेल. त्या गाड्या बंद पडल्या, बुलेट टिकली.

हैदराबादचे रस्ते आणि ही गाडी

गाडी कशी आहे याइतकंच ती कुठे चालवणार हेही महत्त्वाचं. हैदराबादभोवतीचा १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड दिसायला झकास, पण त्याच्या मुख्य रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. बाजूच्या सर्व्हिस रोडने जावं लागतं, तिथे गतिरोधक आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर. तेव्हा मोठ्या गाडीचा वेग तिथे काही कामाचा नाही.

रविवारच्या राइड बहुतेक विकाराबादजवळच्या अनंतगिरीला, नागार्जुनसागरला नाहीतर श्रीशैलमला असतात. श्रीशैलमचा रस्ता अमराबादच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. घाटाच्या या वळणांवर १९० किलोची गाडी सव्वादोनशे-तीनशे किलोच्या गाडीपेक्षा जास्त सोपी जाते, हे मोठ्या हार्लेवालेही खासगीत मान्य करतात.

आपल्या भागातला रस्ता म्हणजे संगारेड्डीहून देगलूर, नांदेड, हिंगोली, वाशिम करत अकोल्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१. सणासुदीला गावी यायचं तर हाच. यावर ८०-९० च्या वेगाने निवांत येणाऱ्याला एक्स ४४० काय, हंटर काय, दोन्ही पुरतात. रोज १२० ला पळवायची असेल तर मग एक सिलिंडरचा विचारच करू नये.

आता पैशाचं बोलू

इथे मी माझ्या विषयावर आलो.

समजा भाच्याने दोन लाख कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के, मुदत तीन वर्षं. महिन्याचा हप्ता बसतो साधारण ६,५००. तीन वर्षांत भरायचे २ लाख ३४ हजार, म्हणजे ३४ हजार व्याज. वर डाउन पेमेंट, रोड टॅक्स, विमा, हेल्मेट आणि जॅकेट. "अडीच लाखांची गाडी" हातात येईपर्यंत तीन लाखांच्या पुढे जाते. शोरूममध्ये आपल्याला फक्त हप्ता सांगतात, एकूण आकडा आपण विचारावा लागतो.

दुसरं जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ३५० सीसीपर्यंत २८ टक्के आणि त्यावर ३ टक्के सेस धरून ३१ टक्के होते. आता खालच्याला १८, वरच्याला ४०. हिशोब बघा :

• पूर्वी २ लाखांना असलेल्या ३५० सीसीच्या गाडीची मूळ किंमत १,५६,२५०. आता १८ टक्क्यांनी ती पडते १,८४,३७५. सुमारे साडेपंधरा हजार वाचले.
• पूर्वी २ लाख ४० हजारांना असलेल्या ४०० किंवा ४४० सीसीच्या गाडीची मूळ किंमत सुमारे १,८३,२००. आता ४० टक्क्यांनी ती जाते २,५६,५०० च्या घरात. साडेसोळा हजार वाढले.

म्हणजे दोन्हींतलं अंतर एका रात्रीत ३२ हजारांनी वाढलं. काही कंपन्यांनी सुरुवातीला वाढीचा बोजा स्वतःवर घेतला, पण असा बोजा कोणी कायमचा वाहत नाही. ३५० ची गाडी घेऊ का ४४० ची, या प्रश्नात आता आवडीच्या जोडीला करही बसलाय.

सीमेपलीकडून गाडी घेताना

आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न : हैदराबादला घेऊन नांदेडला चालवली तर?

• गाडी जिथे राहणार तिथलं पासिंग करणं सगळ्यात सोपं. दुसऱ्या राज्यात घेतली तर तात्पुरता नंबर घेऊन गावी आणता येते आणि आपल्या आरटीओत पक्कं पासिंग करता येतं. हे शोरूमला आधीच सांगावं.
• एका राज्यात पासिंग झालेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही.
• रोड टॅक्स नव्या राज्यात पुन्हा भरावा लागतो, जुन्या राज्याकडून परतावा मागायचा. परताव्याला वेळ लागतो, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात.
• सरकारी नोकर, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतले नोकर यांना २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो. बदलीवाल्यांनी हा पर्याय नक्की विचारावा.
• जुनी गाडी घेताना एपी, टीएस, टीजी असे तिन्ही नंबर दिसतील. एपी राज्य फुटण्याआधीचा किंवा आंध्रातला, टीएस २०१४ नंतरचा, टीजी मार्च २०२४ नंतरचा. नंबरावरून गाडीच्या वयाचा अंदाज येतो.

टेस्ट राइडला जाताना

१. भर दुपारी जा. सकाळी सातला कुठलीच गाडी तापत नाही.
२. जी व्यक्ती रोज मागे बसणार तिला बरोबर न्या. मागचं सीट आणि पाय ठेवायची जागा तिने सांगावी.
३. यू टर्न घ्या, गाडी हाताने मागे ढकलून पार्किंगमधून काढून बघा. वजन तिथे कळतं.
४. तुमच्या गावाजवळ हीच गाडी उघडणारं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, ते नावानिशी लिहून घ्या.
५. क्लचप्लेट, चेनसेट, आरसा आणि पुढचं मडगार्ड यांचे भाव काउंटरवर विचारा. पडझडीत हेच आधी लागतात.
६. त्याच मॉडेलची दोन वर्षं जुनी गाडी कितीला जाते ते पुतळीबावलीच्या बाजारात एक चक्कर मारून विचारा. शोरूमपेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं.

भाच्याला काय सांगितलं?

ही हार्ले आहे का नाही, या वादात मी पडलो नाही. ज्याला दोन सिलिंडरचा ठेकाच हवाय त्याने थांबावं, पैसे साठवावेत, नाहीतर चांगली राखलेली जुनी गाडी शोधावी. ज्याला रोज ऑफिसला जायला, महिन्यातून एकदा गावी यायला दणकट गाडी हवी आणि टाकीवरचं नाव बघून बरं वाटतं, त्याला एक्स ४४० वाईट नाही. ज्याच्या गावाजवळ सर्व्हिसिंगची सोय नाही त्याने ३५० सीसीकडे आधी बघावं, करातही वाचेल.

त्याला इतकंच म्हटलं, बुकिंग करण्याआधी तीन महिने दर पाच तारखेला ६,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकून बघ. एकदाही हात आखडता घ्यावा लागला नाही तर घे. दोन महिने झालेत. या महिन्यात ताईच्या औषधपाण्याचा खर्च निघाला, तरी पाच तारखेला पैसे पडल्याचा त्याचा मेसेज आला. तिसऱ्या हप्त्यानंतर तो आणि मी भर दुपारी टेस्ट राइडला जाणार आहोत, मागच्या सीटवर मी.